रविवारी पहाटे तू कुठं असणार?

अगं, तुझे इतके मेसेज आलेत की फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा नीट लिहूनच पाठवावं म्हटलं. ग्रॅव्हल सायकल घेऊ की एन्ड्युरन्स? आठवडाभर व्हिडिओ बघून तुझा गोंधळ वाढलाय, हे शेवटच्या मेसेजवरून कळलंच. ते व्हिडिओवाले इंग्लंडात नाहीतर अमेरिकेत सायकल चालवतात. तुला चालवायचीय बंगळुरात, सहकारनगरातून निघून. तेव्हा त्यांना जरा गप्प बसव आणि माझं ऐक.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर दे. रविवारी पहाटे साडेपाचला तू कुठं असणार आहेस, आणि कोणाबरोबर? इन्स्टावरचा रविवार सांगू नकोस, तांबड्या मातीची वाट, धुकं आणि हातात कॉफीचा मग असलेला. पुढच्या सहा महिन्यांतले तुझे खरे रविवार कसे जाणार, ते सांग. सायकल त्यावर ठरते. रंगावर ठरत नाही आणि दुकानदाराच्या उत्साहावर तर मुळीच नाही.

आधी फरक समजून घे, म्हणजे कोणी शब्द टाकून घाबरवणार नाही. दोघी शेजारी उभ्या केल्या तर लांबून सारख्याच दिसतात. दोघींना खाली वळलेलं ड्रॉप हँडल, दोघींना डिस्क ब्रेक. जवळ गेलीस की टायर दिसतात. ग्रॅव्हलचा टायर ४० मिलिमीटरच्या आसपास, त्यावर बारीक गाठी. एन्ड्युरन्सचा २८ किंवा ३२, गुळगुळीत. ग्रॅव्हलची दोन चाकं एकमेकांपासून थोडी जास्त लांब असतात आणि पुढचा फोर्क जास्त कललेला असतो. त्यामुळे खडबडीत उतारावर ती सरळ आणि निवांत जाते, वळायला मात्र किंचित आळशी. एन्ड्युरन्स आखूड, हँडल हलवलं की लगेच ऐकते. शर्यतीच्या सायकलीसारखं पाठ मोडून वाकावं लागत नाही, आणि चार-पाच तासांनंतरही मान जागेवर असते.

दोघींचा जन्मही वेगवेगळ्या रस्त्यांवरचा. पॅरिस-रुबे ही शर्यत उत्तर फ्रान्समधल्या जुन्या दगडी फरसबंदीवरून जाते, हाडं खिळखिळी होतात. स्पेशलाइज्ड कंपनीनं २००४ च्या सुमारास रुबे याच नावाची सायकल काढली, २०१२ मध्ये ट्रेकची डोमाने आली, आणि 'डांबराचीच, पण धक्के सोसणारी' अशी एक जात रुळली. ग्रॅव्हलचं मूळ अमेरिकेत. कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावात २००६ पासून दोनशे मैलांची शर्यत होते, तीही मैलोन्मैल पसरलेल्या खडीच्या रस्त्यांवर. शिमानोनं ग्रॅव्हलसाठी जीआरएक्स नावाचा वेगळा गिअरसंच २०१९ मध्ये आणला आणि यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ग्रॅव्हलची पहिली जागतिक स्पर्धा २०२२ मध्ये भरवली. या सगळ्या काळात एन्ड्युरन्सचे टायरही रुंद होत गेले. पूर्वी २५ म्हणजे रुंद वाटायचा, आज कित्येक एन्ड्युरन्स फ्रेममध्ये ३५ आरामात बसतो. म्हणजे तू ज्या दोघींमध्ये अडकलीयस, त्यांच्यातलं अंतर आता बोटभर उरलंय. एवढं डोकं धरून बसण्यासारखं काही नाही.

आता आपले रस्ते. कॅन्ससमध्ये खडीचा रस्ता वेगळा असतो आणि डांबराचा वेगळा. बंगळुरात खडी डांबरातच मिसळून येते. बळ्ळारी रोडचा सर्व्हिस रोड घे. दोन किलोमीटर गुळगुळीत, मग केबलसाठी खणून मातीनं बुजवलेला चर, मग पांढरा पट्टा नसलेला हंप, मग पुन्हा गुळगुळीत. देवनहळ्ळीला राणी क्रॉसवरून आत वळलीस की रस्ता छान लागतो, पण गावागावात हंप आहेतच. या रस्त्याला गाठीचा टायर लागत नाही. लागते ती टायरमधली जास्तीची हवा आणि कमी दाब. तुझ्या वजनाला २८ च्या टायरमध्ये ७० पीएसआयच्या आसपास हवा भरावी लागेल आणि प्रत्येक चर मनगटात जाणवेल. तेच ३२ मध्ये पन्नास-पंचावन्नवर भागतं. एवढ्या फरकानं तीन तासांनंतर हाताला येणाऱ्या मुंग्या येत नाहीत. म्हणून मी जातीपेक्षा टायरची रुंदी आधी विचारते.

एक गोष्ट इथलीच आहे आणि कुठल्याच व्हिडिओत दिसणार नाही. नोव्हेंबर ते जानेवारी दोड्डबळ्ळापूर, चिक्कबळ्ळापूर, कनकपुरा अशा बाजूंना शेतकरी नाचणी आणि कुळीथ काढून थेट डांबरी रस्त्यावर पसरतात. जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली मळणी होते, बायका कडेला खराटे घेऊन दाणे ओढत असतात. वळण घेऊन येतेस आणि समोर पन्नास-साठ पावलं नुसतं काड. त्यावर कुठलाही टायर घसरतो, ४० चा गाठीवाला सुद्धा. वेग आधीच कमी करायचा, काडावर ब्रेक दाबायचा नाही, हँडल सरळ ठेवायचं. कुळथाचे वेल मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत, गुंडाळले जातात. चेन कुरकुरली की उतर आणि हातानं सोडव. जोर लावून पेडल मारलंस तर डिरेलरचा हँगर वाकतो. हँगर ही छोटीशी पट्टी असते, पण दर मॉडेलची वेगळी. सायकल घेतानाच एक जादा मागून ठेव. कडेची बाई 'निधाना, अक्का' म्हणून हात करेल, तिचं ऐकायचं.

आता नंदी. तू उत्तरेला राहतेस, म्हणजे नंदी तुझ्या नशिबात आहेच. तिथं नाही गेलीस तर इथले सायकलवाले तुला सायकलवाली म्हणणारच नाहीत. तुझ्या घरापासून माथा पन्नासेक किलोमीटर, उंची १,४७८ मीटर, आणि शेवटचा सात-आठ किलोमीटरचा चढ. कोल्हापूरहून पन्हाळ्याला चढलीयस ना, त्यापेक्षा हा लांब आणि शेवटाला जास्त खडा. इथं टायर बाजूला ठेव आणि गिअरचे दात मोज. पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची मोठी ३४ ची असेल, तर पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा, म्हणजे जवळपास २.१ मीटर. मिनिटाला साठ फेरे मारलेस तर ताशी साडेसात किलोमीटर. नवख्या पायांना हे जमतं, धापा टाकत का होईना. पण मागे २८ चीच मोठी चकती असलेली सायकल कोणी 'स्पोर्टी आहे' म्हणून गळ्यात मारू लागला, तर हात जोड. ग्रॅव्हलला पुढे बहुधा ३० ची चकती मिळते. तेव्हा पावणेसातच्या वेगानंही पाय फिरत राहतात, गुडघ्यावर ताण कमी. एक खरा गुण ग्रॅव्हलच्या पारड्यात टाकायचाच असेल तर हा टाक.

उलट पुढे एकच चकती असलेली ग्रॅव्हल दाखवतील, 'कटकट नको' म्हणून. मातीत ती उत्तम. पण डांबरावर घोळक्यात चालवताना मागच्या दोन गिअरमधलं अंतर मोठं असतं. एक गिअर फार हलका, दुसरा फार जड, आणि समोरचीच्या वेगाशी वेग जुळता जुळत नाही. तुझ्यासाठी पुढे दोन चकत्यांचीच बघ.

आणि उतार. सूर्योदय बघायला येणाऱ्या गाड्या खालून वर येत असतात, कठड्यावर माकडं, सावलीतल्या वळणांवर ओल. तुझे हात लहान आहेत. हायड्रॉलिक ब्रेक बजेटमध्ये बसत असतील तर बाकी कशावर तडजोड कर, यावर नको. दोन बोटांनी सायकल थांबते. तारेचे डिस्क ब्रेकही वाईट नसतात, पण लिव्हर जवळ आणायचा स्क्रू दुकानातच फिरवून घे. बोटं पोचत नसतील तर उतारावर तू घाबरशील आणि खापर नंदीवर फोडशील.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तू आधीच दिलंयस. ऑफिसमधल्या मुलींचा गट आहे, त्या रविवारी देवनहळ्ळीच्या बाजूला जातात, आणि तुला वर्षअखेर दोनशेची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब फेरी, करायचीय. गट असला की हिशेब बदलतो. पुढचीच्या मागे चिकटून गेलीस तर वाऱ्याचा बराच मार वाचतो. पण तिच्याकडे ३० चे गुळगुळीत टायर आणि तुझ्याकडे ४० चे गाठीवाले, तर तोच वेग ठेवायला तुला जास्त राबावं लागणार. पहिला तास काही वाटत नाही. परतीच्या उन्हात, समोरून वारा असताना वाटतं. दमून मागे राहायला लागलीस की तू पुढच्या रविवारी कारणं शोधशील. मी ओळखते तुला.

ब्रेव्हेसाठी मात्र उगाच धास्ती घेऊ नकोस. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. थांबे धरून ताशी पंधराच्या आसपास सरासरी पुरते. दोन्ही सायकलींवर होते. तिथं कस लागतो तो बसण्याचा, खाण्याचा आणि दिव्याचा. दोनशेची गोडी लागली तर ऑगस्ट २०२७ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे, १,२०० किलोमीटर नव्वद तासांत. नाहीतर घराजवळचीच टूर ऑफ नीलगिरीज आहे, २००८ पासून चालू असलेली. या सगळ्या वाटा डांबराच्या आहेत.

मग ग्रॅव्हल कोणी घ्यावी? जिला गट नको असतो तिनं. शनिवारी सकाळी एकटी किंवा एखाद्या मैत्रिणीबरोबर निघून हेसरघट्ट्याला जायचं, तुझ्याकडून वीसेक किलोमीटर. अर्कावतीवरचा १८९४ चा जुना तलाव, पलीकडे प्रोतिमा बेदींनी १९९० मध्ये उभं केलेलं नृत्यग्राम, आणि मधे निलगिरीच्या रांगांतून, द्राक्षमळ्यांच्या कुंपणाकडेनं जाणाऱ्या गाडीवाटा. आपल्याकडच्या पाणंदीच त्या, फक्त माती तांबडी. तळ्याच्या बांधावरून जायचं, वाट संपली की मागे फिरायचं, वेग बघायचाच नाही. या आनंदासाठी ४० चा टायर हवाच. पाऊस पडून गेला की ती माती चाक आणि फ्रेमच्या मधे थापली जाते, आणि एन्ड्युरन्सचं चाक अक्षरशः अडकून बसतं. ग्रॅव्हलमध्ये तिथं जागा असते. फक्त तिथल्या गवताळ माळावर वाट सोडून सायकल घालू नकोस. जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत तिथं.

दक्षिणेला राहत असतीस तर मी थोडं वेगळं बोलले असते. माझ्या जयनगरहून मंचनबेले, सावनदुर्ग या बाजूला गावांमधले रस्ते मधेच उखडतात, मधेच मुरमाचे होतात, आणि तिथं रुंद टायरचा खरा उपयोग होतो. व्हाइटफील्डकडच्या मैत्रिणी होसकोटे ओलांडेपर्यंत जे भोगतात ते बघून त्यांनाही मी ३५ च्या खाली काही सुचवत नाही. एकाच शहरात तीन उत्तरं निघतात, म्हणून ऑफिसमधली कोण काय चालवते यावर जाऊ नकोस. ती कुठं राहते ते विचार.

एक युक्तिवाद तुला नक्की ऐकवतील: 'ग्रॅव्हल घ्या, टायर बदलले की तीच रोड बाइक.' यात तथ्य आहे. ग्रॅव्हलला ३२ चे गुळगुळीत टायर चढवता येतात, एन्ड्युरन्सला ४५ चे चढत नाहीत. पण टायर कोण बदलणार, दर शनिवारी रात्री? 'चाकांचे दोन सेट ठेवा' म्हणतील. दुसऱ्या सेटबरोबर मागच्या गिअरची दुसरी कॅसेट आली, डिस्कच्या चकत्या आल्या, आणि भाड्याच्या वन बीएचकेत ती चाकं ठेवायची जागाही आली. बहुतेक जण एकच टायर चढवतात आणि तोच झिजेपर्यंत वापरतात. तूही तेच करशील.

आता बायकांचं बोलू, हे दुकानातला मुलगा सांगणार नाही. तुझी उंची पाच फूट दोन. तुझ्यासाठी सायकलची जात नंतर, माप आधी. दुसरीच्या मापाचं ब्लाउज कितीही भारी असलं तरी दंडाला काचतंच. दुकानात स्मॉल असेल, तुला एक्स्ट्रा स्मॉल लागेल, आणि 'स्टेम आखूड करून देतो' म्हणतील. थोडं जमतं त्यानं, पण चुकीची फ्रेम बरोबर होत नाही. बसून हँडल पूर्ण वळव आणि पेडल पुढे आण. बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतंय का ते बघ. लहान फ्रेममध्ये हे होतंच थोडंफार, पण ट्रॅफिकमध्ये हळू वळताना दणका बसू नये इतपत जागा हवी. ग्रॅव्हलचं पुढचं चाक पेडलपासून लांब असल्यानं हा त्रास बहुधा कमी असतो. तुझ्या मापाची चांगली एन्ड्युरन्स मिळालीच नाही आणि मापाची ग्रॅव्हल समोर उभी असेल, तर माझं आतापर्यंतचं सगळं बोलणं विसर आणि ग्रॅव्हल घे.

सीट दुखणारच, असं कोणी म्हणालं तर मान्य करू नकोस. सायकलबरोबर आलेली सीट बहुधा तुझ्या हाडांच्या रुंदीची नसते. घरी पुठ्ठ्यावर बस, उठल्यावर दोन खळगे दिसतील, त्यांच्या मधोमधचं अंतर मोज आणि त्याप्रमाणे सीट बदल. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नाही. हे सगळ्याजणी लाजून विचारत नाहीत आणि मग शिवण काचून फोड येतात. परतलीस की पाच मिनिटांत शॉर्ट्स काढ. पाळीच्या दिवसांत निघावंसं वाटलं तर नीघ, नाही वाटलं तर झोप. कोणाला कारण द्यायची गरज नाही. वाटेतले स्वच्छ बाथरूम असलेले पेट्रोल पंप गटातल्या मुलींना पाठ असतात. पहिल्याच दिवशी विचारून घे. पाणी कमी पिऊन वेळ मारून नेऊ नकोस. आणि पहाटेची कुत्री मागे लागली की जोरात पळवू नकोस. उतर, सायकल तुझ्या आणि कुत्र्याच्या मधे धर, चालत पुढे जा. बहुतेक वेळा ती तिथंच नाद सोडतात.

ही सायकल रोज मान्यता टेक पार्कला न्यायचा विचार असेल तर आत्ताच सोड. हेब्बाळच्या त्या गर्दीत कोणतीच सायकल सुखाची नाही, आणि लाखाची वस्तू दिवसभर बेसमेंटमध्ये कुलूप लावून ठेवलीस तर कामात लक्ष लागणार नाही. ऑफिससाठी जुनी, कॅरियर-मडगार्डवाली एखादी बघू.

पैशाचं सांगते. एक लाख बाजूला ठेवलेस ना, तर सायकल ऐंशीची बघ. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप, जादा ट्यूब, दोन शॉर्ट्स आणि नवी सीट यात उरलेले कसे गेले ते कळणारही नाही. गिअर शिमानोच्या क्लॅरिसचे असले तरी पुरे. सोरा, टियाग्रा मिळाले तर आनंद आहे, पण त्यासाठी माप सोडू नकोस. ट्यूबलेसच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नकोस. इथं बाभळीचे काटे भरपूर आहेत, पंक्चर काढायला शिकलीस तर एकटीनं कुठंही जाशील.

तर माझं मत असं. तुझ्यासाठी एन्ड्युरन्स, मापाची, बजेटमध्ये बसले तर हायड्रॉलिक ब्रेकची, ३४-३४ गिअरची, आणि तिच्यात ३५ चा टायर बसलाच पाहिजे. दुकानात गेल्या गेल्या पहिला प्रश्न हाच विचार, 'मोठ्यात मोठा टायर कितीचा बसतो?' उत्तर २८ आलं तर पाणी पिऊन बाहेर पड. ३५ आलं तर चालवून बघ, आणि पार्किंगमध्ये नव्हे, बाहेरच्या रस्त्यावर, दोन-तीन हंप घेऊन. आधी ३२ चे टायर घाल. वर्षभरानं तुला गटाचा कंटाळा आला आणि हेसरघट्ट्याची माती खुणावू लागली, तर ही विकून ग्रॅव्हल घे. बंगळुरात बऱ्या स्थितीतल्या जुन्या सायकलीला गिऱ्हाईक मिळतं. एवढी काही जन्माची गाठ नाही ही.

राहता राहिली आई. 'एवढ्यात अ‍ॅक्टिव्हा आली असती' हे ती म्हणणारच. तिला पुण्याच्या प्रीती मस्केंबद्दल सांग. पंचेचाळिशीत, दोन मुलांची आई असताना, त्यांनी २०२२ मध्ये लेह ते मनाली हे सुमारे ४३० किलोमीटर ५५ तास १३ मिनिटांत कापलं. त्यानं आईचा आवाज जरा खाली येईल. आणि तरीही किंमत विचारली, तर मी तिला निम्मीच सांगणार आहे. तूही तेवढीच सांग, म्हणजे आकडे जुळतील.